टेलिफोटो लेन्स निवडताना: लांबी, रुंदी आणि खिसा

निकॉनच्या डीएक्स (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांसाठीची ७०-३०० मिमी ही हलकी झूम लेन्स साधारण वीस ते तीस हजारांच्या टप्प्यात मिळते, तर ३०० मिमी एफ/२.८ या वर्गातली लेन्स काही लाखांच्या घरात जाते. दोन्हींवर ३०० हाच आकडा असतो आणि दोन्हींतून झाडावरचा पक्षी सारख्याच आकाराचा दिसतो. मग एवढा फरक कशाचा, हा प्रश्न पक्षी आणि वन्यजीवांचे फोटो काढू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर नीट कळल्याशिवाय लेन्सवर पैसे घालू नयेत असे मला मनापासून वाटते. लेन्सची लांबी तुलनेने स्वस्तात मिळते. महाग असतो तो तिच्यातून आत येणारा प्रकाश.

लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ, आपण लांबी म्हणतो ती हीच. हा आकडा जितका मोठा तितका दृश्याचा लहान तुकडा सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, येतो आणि त्या तुकड्यातल्या गोष्टी मोठ्या दिसतात. शेजारी जो 'एफ'चा आकडा असतो, तो फोकल लेंथला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागून आलेला असतो. त्यामुळे हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. हलक्या झूमचा ३०० मिमीला हा आकडा ६.३ असतो. ३०० ला ६.३ ने भागले की सुमारे ४८ मिमी येतात, आणि २.८ ने भागले की सुमारे १०७ मिमी. पहिल्या लेन्सला समोर ४८ मिमी व्यासाची मोकळी वाट लागते, दुसरीला १०७ मिमीची. प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून दुसऱ्या लेन्समधून सेन्सरवर पाचपट प्रकाश पडतो. एवढ्या रुंदीच्या निर्दोष काचा घडवणे, घासणे, त्यांवर लेप चढवणे आणि त्या अचूक बसवणे हे अवघड काम आहे, आणि शिवाय ती सगळी काच फोकससाठी झटकन हलवू शकणारी मोटरही लागते. लाखांचा हिशेब तिथे लागतो.

आता लांबी किती हवी ते पाहू, कारण बहुतेकांचा अंदाज इथे चुकतो. ओढ्याकाठी बसणारा छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंमी भरतो. तो पंधरा मीटरवर बसला असेल आणि आपल्याकडे ३०० मिमीची लेन्स असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे ३.२ मिमी लांबीची पडते. अनेक कॅमेऱ्यांत असलेल्या लहान आकाराच्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते. म्हणजे खंड्या चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढी जागा घेतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या वाट्याला लांबीत आठशेच्या आसपास पिक्सेल येतात. मोबाइलच्या पडद्यावर पाठवायला एवढे पुरतात, पण भिंतीवर लावायच्या छपाईला पुरत नाहीत. ६०० मिमी वापरली तर पिक्सेल दुप्पट होतात. मात्र ३०० मिमीच ठेवून आपण साडेसात मीटरपर्यंत पोहोचलो, तरीही ते तितकेच दुप्पट होतात. सकाळी लवकर जाऊन, एका जागी स्थिर बसून, पक्ष्याला आपली सवय होऊ देण्याने हे अंतर कमी होते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. फक्त घरट्याच्या आसपास किंवा पिलांना भरवणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ही जवळीक साधायला जाऊ नये. तिथे फोटो हातचा गेला तरी चालेल.

याच ठिकाणी 'क्रॉप फॅक्टर'बद्दलचा गैरसमजही दूर करायला हवा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिमी लावली की ती ४५० मिमीची होते, असे दुकानात हमखास सांगितले जाते. लेन्स बदलत नाही आणि प्रतिमाही मोठी होत नाही. मोठ्या सेन्सरने कडेचा जो भाग टिपला असता तो लहान सेन्सरवर पडतच नाही, एवढेच घडते. लहान सेन्सरचा खरा फायदा वेगळा आहे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर पिक्सेल अधिक दाटीने बसवलेले असतात, म्हणून त्याच ३.२ मिमीच्या खंड्यावर २४ मेगापिक्सेलच्या मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरपेक्षा दीडपट पिक्सेल येतात. त्यामुळे मर्यादित पैशांत पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तर एपीएस-सी बॉडी घेऊन वाचलेले पैसे लेन्सवर घालणे हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. आधी महाग फुल फ्रेम बॉडी घेऊन मग तिच्यावर सर्वांत स्वस्त झूम लावण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तिने पक्ष्यांच्या फोटोत फारसे काही हाती लागत नाही.

प्रकाशाची बाजू समजण्यासाठी ताडोब्यातली पहाट डोळ्यांसमोर आणावी. हिवाळ्यात जिप्सी गेटातून आत शिरते तेव्हा बांबूच्या बेटांत अजून अंधार असतो, आणि वाघ रस्त्यावर येण्याची शक्यता नेमकी त्याच वेळी चांगली असते. चालत्या वाघासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग एवढा तरी शटर स्पीड ठेवावा लागतो. एफ/६.३ च्या लेन्सवर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवावा लागत असेल, तर एफ/२.८ वर तोच फोटो साधारण आयएसओ १२५० ला मिळतो. पहिल्या फोटोत वाघाच्या अंगावरच्या केसांचा पोत दाणेदारपणात हरवतो, दुसऱ्यात तो शाबूत राहतो. पण तासाभराने ऊन वर आले की हाच फरक बराच पुसट होतो, आणि नऊच्या उन्हात तीस हजारांच्या लेन्सनेही छापण्याजोगा फोटो निघतो. शिवाय आता हा दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, कमी करणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली आहेत की पाच-सात वर्षांपूर्वी टाकून दिला असता असा आयएसओ ६४०० चा फोटो आज सावरता येतो. म्हणून पहाटेचा आणि संध्याकाळचा तो एकेक तास आपल्यासाठी किती मोलाचा आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

कंपनं थांबवणाऱ्या यंत्रणेला निकॉन 'व्हीआर' म्हणते, कॅनन 'आयएस', सोनी 'ओएसएस', सिग्मा 'ओएस', तर टॅमरॉन 'व्हीसी'. नावे निरनिराळी असली तरी काम एकच आहे: आपल्या हाताचा थरकाप भरून काढणे. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख ही यंत्रणा थांबवू शकत नाही. त्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटरच लागते. बसलेला पक्षी, हरीण किंवा विसावलेला वाघ यांच्यासाठी मात्र ती अतिशय उपयोगी आहे, आणि नवशिक्याने तिच्याशिवाय लांब लेन्स घेऊ नये.

आपण फोटो कुठे काढणार आहोत यावर निवड बरीचशी ठरते. ताडोब्यात वाघ पुष्कळदा जिप्सीपासून वीस-तीस मीटरवर असतो, कधी त्याहूनही जवळ. तिथे ६०० मिमीची एकाच फोकल लेंथची लेन्स घेऊन बसलेल्या माणसाला वाघाच्या तोंडाखेरीज काही चौकटीत घेता येत नाही, आणि शेजारी १००-४०० ची झूम घेऊन बसलेला पूर्ण वाघ, मागचे जंगल आणि पाणवठा असा फोटो घेऊन येतो. भिगवणजवळ कुंभारगावात मच्छीमारांच्या नावेतून उजनीच्या पाण्यावर जाताना परिस्थिती उलटी असते. रोहित पक्ष्यांचे थवे दूर उथळ पाण्यात असतात, नाव त्यांच्या फार जवळ नेऊही नये, आणि डुलत्या नावेत ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो. तिथे ४०० ते ६०० मिमीची, हातात धरून वापरता येईल अशी लेन्स हवी. ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणाऱ्या बोटीतही हेच. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात येते. दहाच्या सुमारास पाणी आणि चिखल तापले की हवा थरथरू लागते, आणि मग लाखांची लेन्ससुद्धा लांबचा पक्षी धूसरच दाखवते. असे धूसर फोटो पाहून लेन्स खराब निघाली असे समजणारे अनेक जण भेटतात. लेन्सचा त्यात काही दोष नसतो. कर्नाटकातल्या गणेशगुडीसारख्या ठिकाणी पाणवठ्यासमोरच्या आडोशात बसून फोटो काढणार असाल, तर पक्षी पाच-सात मीटरवर येतो. तिथे लेन्स किती जवळचा फोकस करू शकते हा आकडाही पाहावा, कारण सगळ्याच लांब लेन्सना ते जमत नाही.

आता पैशांकडे वळू. पुढचे आकडे ढोबळ आहेत. सणासुदीच्या सवलती आणि डॉलरचा भाव यांनुसार ते हलतात.

तीस हजारांच्या आत कॅननच्या एपीएस-सी डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) ५५-२५० मिमी एफ/४-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स डोळे झाकून घ्यावी अशी आहे. ती २०१३ मध्ये आली, वजनाला जेमतेम पावणेचारशे ग्रॅम आहे, आणि तिच्या किमतीच्या मानाने फोटो फारच स्वच्छ देते. निकॉनकडे याच टप्प्यात एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिमी आहे, पण ती घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. ती व्हीआर असलेली आणि नसलेली अशा दोन रूपांत येते आणि दोन्हींची नावे दिसायला जवळजवळ सारखीच असतात. पेटीवर 'व्हीआर' ही अक्षरे नसतील तर ती परत ठेवावी. दुसरे म्हणजे, डी९० किंवा डी३१०० सारख्या जुन्या बॉडींवर एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही. अशी बॉडी असेल तर जुनी एएफ-एस ७०-३०० व्हीआर सेकंडहँड शोधावी. त्याचप्रमाणे डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे नुसते 'एएफ' लिहिलेली जुनी स्वस्त लेन्स त्यांवर लावली तर हाताने फोकस करत बसावे लागते. स्वस्त लेन्सच्या बाबतीत बहुतेक पैसे अशा बारीक अक्षरांच्या गफलतीतच वाया जातात.

पक्ष्यांची ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हा मुख्य हेतू असेल, तर निकॉन पी९०० किंवा पी१००० सारखा, लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेराही विचारात घ्यावा. जाहिरातीत त्यांची लांबी २००० आणि ३००० मिमी सांगितली जाते, पण ती फुल फ्रेमशी तुलनेसाठीची आहे. पी९०० ची प्रत्यक्ष फोकल लेंथ ३५७ मिमी आहे आणि त्याचा सेन्सर सहा मिमीहून किंचित रुंद, म्हणजे रुंदीत एपीएस-सीच्या चौथ्या हिश्शाएवढा. लख्ख उन्हात, बसलेल्या पक्ष्याचा नोंदीपुरता फोटो तो उत्तम देतो. सावलीत किंवा उडत्या पक्ष्यामागे मात्र तो मागे पडतो. वर्षभर पक्षी पाहत फिरणाऱ्या, पण पिशवीचे ओझे नको असलेल्या माणसाला मी हाच कॅमेरा सुचवेन.

चाळीस ते सत्तर हजारांचा टप्पा सर्वांत विचार करायला लावणारा आहे, कारण इथे नवी हलकी लेन्स घ्यावी की जुनी भक्कम, असा प्रश्न उभा राहतो. कॅननच्या मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी) आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही लेन्स २०२१ मध्ये आली. तिचे वजन ६३५ ग्रॅम आहे, आणि ती गळ्यात अडकवून सिंहगडाच्या घाटात दिवसभर हिंडता येते. पण ४०० मिमीला ती एफ/८ वर येते, म्हणजे एफ/५.६ च्या निम्माच प्रकाश देते. सोनीच्या एपीएस-सी बॉडीसाठी ७०-३५० मिमी जी ही लेन्स तितकीच हलकी आहे, मात्र तिची किंमत या टप्प्याच्या वरच्या टोकाला जाते. दुसरीकडे सेकंडहँड बाजारात कॅननची ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल मिळते. ही लेन्स १९९३ ची. तिच्यात कंपनं थांबवणारी यंत्रणा नाही, तरीही उडत्या पक्ष्यांसाठी ती आजही पहिल्या प्रतीची आहे, कारण ती सव्वा किलोचीच आहे, झटकन फोकस करते आणि पूर्ण उघड्या छिद्रालाही धारदार फोटो देते. घारी, शिक्रे, मोरघार यांच्या मागे लागलेल्याने ती जरूर घ्यावी. जंगलाच्या सावलीत बसलेले लहान पक्षी टिपणाऱ्याला ती जड जाईल, कारण तिथे शटर मंदावते आणि हाताचा थरकाप दिसू लागतो. आतून सेन्सर स्थिर ठेवणाऱ्या मिररलेस बॉडीवर ती अडॅप्टरने लावली तर ही उणीव बरीचशी भरून निघते.

लाखाच्या आसपास आले की डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी तीन नावे समोर येतात: सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२ आणि निकॉनची २००-५०० एफ/५.६. पहिल्या दोन लेन्स सुमारे दोन किलोच्या, तर निकॉनची ट्रायपॉडच्या कॉलरसकट २.३ किलोची. माझे स्पष्ट मत असे आहे की निकॉनची बॉडी असेल तर २००-५०० घ्यावी. तिचे छिद्र ५०० मिमीलाही एफ/५.६ च राहते आणि व्हीआर फार विश्वासू आहे. शंभर मिमी कमी असल्याची खंत क्वचितच वाटते. डीएसएलआरची फोकस यंत्रणा साधारण एफ/५.६ पर्यंतच्या प्रकाशावर भरवशाने चालावी अशी रचलेली असते, हेही तिच्या बाजूने जाते. कॅननवाल्यांसाठी सिग्मा कंटेम्पररी पुरेशी आहे. याच लेन्सची 'स्पोर्ट' आवृत्ती २.८ किलोच्या पुढे जाते, आणि हातात धरून चालणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सहाशे मिमीच्या टोकाला या झूम लेन्स किंचित मऊ, म्हणजे कमी धारदार, पडतात, म्हणून छिद्र एफ/८ वर नेले आणि शक्य तिथे ५०० च्या आसपास थांबले तर फोटोत फरक दिसतो.

दीड ते अडीच लाखांत मिररलेसच्या लेन्स येतात. सोनीची २००-६०० (२०१९) आणि निकॉन झेडची १८०-६०० (२०२३) या दोन्हींचा मोठा गुण असा की झूम करताना त्यांची नळी बाहेर येत नाही. त्यामुळे तोल ढळत नाही, आणि धूळ व दमट हवा आत ओढली जात नाही. ज्यांना वजन झेपत नाही त्यांनी निकॉनच्या ५०० मिमी एफ/५.६ पीएफ या सेकंडहँड लेन्सचा शोध घ्यावा. तिच्यातल्या फ्रेनेल धर्तीच्या काचेमुळे ती १४६० ग्रॅममध्ये बसली आहे, आणि झेड कॅमेऱ्यांवरही ती अडॅप्टरने उत्तम चालते. त्यापुढच्या ४०० मिमी एफ/२.८ आणि ६०० मिमी एफ/४ या लेन्स दहा लाखांच्या पुढच्या आहेत. ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांना त्या परवडतात, इतरांनी सहलीपुरत्या भाड्याने घ्याव्यात.

भाड्याची सोय पुण्या-मुंबईत चांगली आहे आणि तिचा उपयोग खरेदीपूर्वीच्या चाचणीसाठीही करावा. दोन किलोची लेन्स दुकानात दोन मिनिटे उचलणे आणि सकाळी सहापासून अकरापर्यंत हातात वागवणे यांत फार अंतर आहे. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून लांबी वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरने मात्र स्वस्तात लांबी मिळेल या आशेवर राहू नये. १.४ पटीचा कन्व्हर्टर प्रकाश निम्मा करतो आणि दुपटीचा चौथ्या हिश्शावर आणतो, एफ/६.३ च्या झूमला तो लावला तर बहुतेक डीएसएलआर फोकसच सोडून देतात. एफ/४ किंवा एफ/२.८ च्या लेन्सवरच तो शोभतो.

सेकंडहँड लेन्स घ्यायची असेल तर दिवसाउजेडी, आपली स्वतःची बॉडी घेऊन जावे. दोन्ही टोकांची झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च आत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी आहे; किंमत कितीही कमी सांगितली तरी व्यवहार तिथेच थांबवावा. माउंटजवळच्या (कॅमेऱ्याला जोडल्या जाणाऱ्या कड्याजवळच्या) स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर लेन्स कधीतरी उघडलेली आहे. मग भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून, लेन्स सर्वांत लांब टोकाला आणि छिद्र सर्वांत मोठे ठेवून, आधाराने पाच-सहा फोटो काढावेत, आणि प्रत्येक वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवून मग पुन्हा करू द्यावा. सगळ्या फोटोंत मधली अक्षरे सारखीच स्पष्ट हवीत. काही फोटोंत स्पष्ट आणि काहींत धूसर आली तर फोकसची मोटर थकलेली असू शकते. पानाची डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर असे प्रत्येक फोटोत दिसले, आणि कॅमेरा भिंतीला समांतर होता याची खात्री असेल, तर आतली एखादी काच सरकलेली आहे. शेवटी बिलावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवावा. नवी लेन्स फारच स्वस्त मिळत असेल, तर भारतातली वॉरंटी आहे का हे लेखी विचारून घ्यावे, कारण बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला ती सहसा नसते.

बुरशीचा विषय कोकणात, गोव्यात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी लेन्सच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर लेन्स कापडी पिशवीत, कपाटात बंद ठेवली तर ओल धरून ठेवणारे ते कापडच तिचे नुकसान करते. पैसे असतील तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घेऊन आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. तेवढी ऐपत नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि शेदोनशेला मिळणारा आर्द्रतामापक ठेवला तरी काम भागते. पुड्यांचा रंग बदलला की त्या पुन्हा तापवून कोरड्या करून घ्याव्यात. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरली तर आणखी चांगले. लाखाची लेन्स घेणाऱ्याने या डब्याची सोय लेन्स घरी यायच्या आधीच करून ठेवावी.